रिकाम्या गाडीचं वजन

स्पर्धेत नाही.
विचारणारे सगळे स्पर्धा धरूनच विचारतात,
म्हणून आधीच सांगते :
पारोळ्याकडची ट्रॉली काट्यावर उभी होती,
वरचा कापूस ओला आहे का बघायला मी चाकावर चढले,
आणि उतरताना पाय जमिनीला लागायच्या आत
गुडघा दुसरीकडेच निघाला.
वाळकी पऱ्हाटी मोडावी तसा आवाज.
ट्रॉलीत बत्तीस क्विंटल होता,
त्यातलं बोंडभरही माझ्या अंगावर नव्हतं.

जळगावला ऑपरेशन.
मांडीमागचा एक दोर काढून गुडघ्यात ओवला, दोन स्क्रू,
बिलात त्यांची किंमत वेगळी.
तडवी मॅडमने टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवली
आणि म्हणाली, दाब.
ज्या पायांवर मी एकशे दहा किलो घेऊन उभी राहायचे
त्यांना टॉवेल दबेना.
जिन्याचा मंत्रही तिचाच :
चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा.
नऊ महिने तो पुटपुटत
न्हाणीचा उंबरा, रिक्षा,
काट्याच्या केबिनच्या चार पायऱ्या.

आमची व्यायामशाळा म्हणजे बंद जिनचं गोदाम,
बोरीच्या अलीकडे, पत्र्याचं.
शेजारची जिन चालू आहे. जानेवारीत तिथली रुई उडत येते
आणि लोखंडावर बसते.
पहिल्या दिवशी गेले तर माझ्या रॉडवर
पांढरी लव उगवलेली.
माझा पट्टा मोहिनीच्या कमरेला, दोन भोकं आत.
"ताई, काढू का?"
राहू दे म्हटलं.
ते खरं नव्हतं.

राजधरभाऊ शिकवतात. स्वतः नव्वदच्या वर कधी गेले नाहीत
आणि ते लपवतही नाहीत.
त्यांनी माझ्यामागे सरकीची दोन पोती रचली.
खांद्यावर नुसता रॉड, वीस किलो.
"बस. पोत्याले टेकनी का ऊठ."
मी उभीच.
आरशात डावा पाय बारीक,
धाकट्या बहिणीचा उसना आणल्यासारखा.
"गुडघा तुना शे. घाई कोणले शे? हयू हयू."

दिवसभर मी हेच तर करते :
भरलेली गाडी तोलायची, मग रिकामी,
वजाबाकी तो माल.
सगळ्यांचे डोळे भरल्या आकड्यावर.
लबाडी मात्र रिकाम्या वेळी होते,
कुणी जॅक काढून ठेवतं, कुणी स्टेपनी.
मी तिथेच बघते. पण माझं रिकामं वजन किती,
हे एकशे दहा उचलत होते तोवर
मला कधी तोलावं लागलं नाही.

बसले.
पोतं दोन वितींवर आहे हे माहीत होतं,
तरी विहिरीत पाय सोडल्यासारखं.
मागे सरकी करकरली. उठताना गुडघ्यात कट्ट.
"दुखनं का?"
नाही.
"मंग आवाजले घाबरू नको. दारबी वाजस."

फेब्रुवारीत एक पोतं.
मार्चात गुडघा सुजला, पुन्हा दोन, आणि बर्फ,
आणि तीन दिवस मी कुणाशी नीट बोलले नाही.
एप्रिलात पत्रा तापायच्या आत, पहाटे पाचला.
मोहिनी स्वतःचा व्यायाम थांबवून माझ्या प्लेटा लावायची,
ती मदत मला आवडत नव्हती
आणि मी ती रोज घेत होते.

परवा खाली गेले, पोत्याची वाट बघितली,
आलं नाही.
भाऊंनी ओढून घेतलं की सरकी विकली गेली
कोण जाणे.
तिथूनच उठले. चाळीस किलो.
बघायला कुणी नव्हतं,
मोहिनी माठाकडे गेली होती.

मग काम. काट्यावर हंगामातली शेवटची एखादी ट्रॉली
हॉर्न देत होती.
आकडे हलले, थांबले, पावती फाडली,
ड्रायव्हरला दिली,
आणि तेव्हा कळलं,
चार पायऱ्या चढून आले आहे मी
आणि कुठला पाय आधी टाकला
आठवत नाही.